पडदा बोलू लागला त्याची गोष्ट



आपल्याकडे एक म्हण सर्रास वापरतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. म्हण म्हणताना आपण हसतो. पण जरा थांबून तिचा अर्थ बघू या. दळणारीच्या कष्टात काही कमी नाही. जातं तीच ओढते, घामही तिचाच. कमी आहे ते एवढंच, की पीठ किती पडलं आणि कुणी नेलं, हे तिला कळत नाही.

आता जात्याच्या जागी बँकेचं खातं ठेवा. निराधार योजनेचे पैसे खात्यात येतात. गटाची बचत, कर्जाचा हप्ता, दुधाचे पैसे, सगळ्याचा संदेश मोबाइलवर येतो. जिला दिसत नाही तिचा संदेश वाचतं कोण? पुतण्या, शेजारीण, नाही तर दुकानदार. ओटीपी वाचून दाखवतो तोच. पैसे काढून आणतो तोच. माणसं चांगली असली तर ठीक. पण आपल्या पैशाची खबर आपल्याआधी दुसऱ्याला, ही गोष्ट कुणाला आवडेल?

म्हणून आज आपण एक इतिहास ऐकणार आहोत. दिसत नसताना माणसं संगणक वापरायला कशी शिकली, त्याचा. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टीचं अपंगत्व असलेल्या ५० लाखांहून अधिक लोकांची नोंद झाली. काही जन्मापासूनचे, तर कुणाची नजर काचबिंदूने किंवा मधुमेहाने उतारवयात गेलेली. तेव्हा ही गोष्ट परक्या कुणाची नाही. आपल्या गल्लीतली आहे, उद्या आपल्या घरातलीही असू शकते.

गोष्ट सुरू होते इटली देशात, दोनशे वर्षांपूर्वी. कॅरोलिना फँटोनी नावाची एक सरदार घराण्यातली बाई होती. तिची नजर गेली होती. घरात पैसा होता, नोकर होते, पत्र लिहून द्यायला माणसं होती. पण पत्र सांगून लिहून घ्यायचं म्हणजे मनातलं आधी तिसऱ्याच्या कानावर घालायचं. पेलेग्रिनो टुरी नावाच्या तिच्या ओळखीच्या माणसाने तिच्यासाठी एक यंत्र तयार केलं. कळ दाबली की कागदावर अक्षर उमटायचं. यंत्र आज उरलेलं नाही, पण १८०८ सालापासून तिने त्यावर लिहिलेली काही पत्रं अजून जपून ठेवलेली आहेत. तहसील कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणारे आपण पाहिले आहेत. त्या टाइपरायटरच्या अगदी सुरुवातीच्या पूर्वजांपैकी एक असा एका अंध बाईच्या गरजेतून आला. गरज कसली होती, तर आपलं पत्र आपणच लिहावं, एवढीच. ही गरज ध्यानात ठेवू या, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्याच मागे चालते.

लिहायची सोय झाली, पण वाचायचं कसं? पॅरिसमध्ये अंध मुलांची शाळा १७८० च्या दशकातच निघाली होती. तिथे जाड कागदावर नेहमीचीच अक्षरं फुगवून उमटवत आणि मुलं बोटांनी चाचपत. पुस्तक जडशीळ व्हायचं, वाचायला फार वेळ लागायचा आणि मुलांना त्या पद्धतीने लिहिता तर येतच नव्हतं. अक्षरं डोळस माणसांनी स्वतःच्या डोळ्यांना सोयीची ठेवली होती. बोटांना काय हवं, हे कुणी विचारलंच नाही.

ते विचारलं लुई ब्रेल यांनी. १८०९ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील घोड्यांचा चामड्याचा साज बनवायचे. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या अवजाराशी खेळत होता. ते डोळ्यात घुसलं आणि पुढे दोन्ही डोळ्यांची नजर गेली. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या शाळेत आला. त्या सुमारास लष्करातल्या चार्ल्स बार्बिये नावाच्या माणसाने बारा ठिपक्यांची एक लिपी केली होती, अंधारात बोटांनी वाचता यावी अशी. मुलांनी ती वापरून पाहिली. पण बारा ठिपके एका बोटाखाली मावत नाहीत. लुईने ते सहावर आणले. सहा ठिपके बोटाच्या टोकाला एकदम कळतात. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. कुठला ठिपका वर उचलायचा आणि कुठला नाही, एवढ्यावर सगळी अक्षरं, आकडे आणि गाण्याची सुरावटसुद्धा बसवता येते. हे काम त्याने १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी केलं. १८२९ मध्ये ते छापून आलं.

आणि मग काय झालं? शाळेतल्या डोळस शिक्षकांना ती लिपी नको होती. आपल्याला वाचता येत नाही ते मुलांनी का लिहावं, असा त्यांचा सूर. काही काळ तर तिला शाळेत बंदी होती. मुलं मात्र चोरून वापरत राहिली, कारण पहिल्यांदाच त्यांना लिहिता येत होतं, एकमेकांना चिठ्ठ्या पाठवता येत होत्या. १८५२ मध्ये ब्रेल वारले आणि फ्रान्सने त्यांची लिपी रीतसर मान्य केली ती १८५४ मध्ये.

आपल्या देशात अंध मुलांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी ती काढली. मुंबईत १९०० मध्ये ॲना मिलार्ड या बाईंनी शाळा सुरू केली. दादरची अंध मुलींची कमला मेहता शाळा ती हीच. पुढे तिचं नाव पुन्हा येणार आहे. भारतातल्या भाषांसाठी पूर्वी वेगवेगळ्या ब्रेल लिप्या होत्या. १९५१ च्या सुमारास सगळ्यांसाठी एक भारती ब्रेल ठरली. त्यामुळे मराठीतला क, हिंदीतला क आणि तमिळमधला क बोटाला सारखाच लागतो.

ब्रेलने मोठं काम केलं, पण तिलाही मर्यादा होत्या. पाटी आणि टोच्या घेऊन एकेक ठिपका टोचायचा. टोचलेलं मागच्या बाजूने वर येतं, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. एका पुस्तकाचे चार-पाच गठ्ठे होत. शिवाय ब्रेलमध्ये लिहिलेलं पत्र ग्रामसेवकाला वाचता येत नव्हतं आणि ग्रामसेवकाचं पत्र ब्रेल शिकलेल्याला वाचता येत नव्हतं. दोन घरं शेजारी, पण मधे दार नाही. ते दार संगणकाने उघडलं.

१९७६ मध्ये अमेरिकेत रे कर्झवाइल यांनी एक यंत्र दाखवलं. त्याच्यावर छापील पान ठेवलं की यंत्र अक्षरं ओळखायचं आणि मोठ्याने वाचायचं. मोठं धूड होतं ते आणि महागडं, संस्थांनाच परवडणारं. पण छापलेला कागद दुसऱ्या माणसाशिवाय वाचता येतो, हे त्याने सिद्ध केलं.

त्यानंतर घरात, कचेरीत छोटे संगणक आले. संगणकातली अक्षरं कागदावर नसतात, ती आत साठवलेली असतात. मग पडद्यावर दिसणारं अक्षर आवाजात का सांगू नये? आयबीएम कंपनीत जिम थॅचर आणि जेसी राइट हे दोघे गणिती या कामाला लागले. राइट स्वतः अंध होते. त्यांच्या कामातून १९८६ च्या सुमारास जो प्रोग्राम आला त्याचं नाव स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचणारा. आज अशा सगळ्याच प्रोग्रामांना याच नावाने ओळखतात.

दुसरा माणूस टेड हेंटर. हे मोटरसायकलच्या शर्यती खेळायचे. १९७८ मध्ये मोटारीच्या अपघातात त्यांची नजर गेली. ते संगणकाचं काम शिकले आणि १९८७ मध्ये भागीदाराबरोबर कंपनी काढली. त्यांच्या प्रोग्रामचं नाव जॉज. नावाचा अर्थच असा, की आवाजाच्या मदतीने नोकरीपर्यंत पोहोचणं.

एवढ्यात एक मोठं संकट आलं. तोवर पडद्यावर नुसती अक्षरं असायची, ओळीखाली ओळ. विंडोज आलं आणि पडदा चित्रांनी भरला. फाइलचं चित्र, कचऱ्याच्या डब्याचं चित्र, माउस फिरवून त्यावर टिचकी मारायची. डोळस माणसाला सोपं झालं तेच अंध माणसाला अवघड झालं. चित्र बोलत नाही आणि माउसचा बाण कुठे आहे हे बोटाला कळत नाही. हाताशी आलेल्या नोकऱ्या जाणार, अशी भीती अनेकांना वाटली. मग जॉज आणि इतर प्रोग्रामांनी प्रत्येक चित्रामागचं नाव शोधून सांगायची युक्ती काढली. विंडोजसाठीचं जॉज १९९५ मध्ये आलं. मैत्रिणींनो, यातून एक धडा घेण्यासारखा आहे. नवी सोय आली की ती सगळ्यांचीच सोय असते असं नाही. आपण नव्या योजनेला, नव्या ॲपला टाळ्या वाजवतो, तेव्हा कोण बाहेर राहिलं हे कुणीतरी पाहायला हवं.

आता प्रश्न पैशाचा. विकत मिळणारा स्क्रीन रीडर पुष्कळदा संगणकापेक्षा महाग पडायचा. ऑस्ट्रेलियात मायकेल करन नावाच्या अंध तरुणाला हे पटेना. डोळस माणसाला पडदा बघायचे वेगळे पैसे पडत नाहीत, मग आम्हीच का भरायचे? २००६ मध्ये त्याने स्वतःच प्रोग्राम लिहायला घेतला. त्याचा मित्र जेम्स टेह, तोही अंध, त्याला येऊन मिळाला. त्या प्रोग्रामचं नाव एनव्हीडीए. तो फुकट आहे. जगभरच्या लोकांनी मिळून तो पन्नासहून अधिक भाषांमध्ये नेला. तालुक्याच्या संगणक केंद्रात एखादी अंध मुलगी आज शिकायला बसली, तर पैसे नाहीत म्हणून अडायचं कारण उरलं नाही, ते या दोघांमुळे.

पण मराठीचं काय? इथे आपल्या घरचा इतिहास आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मराठी टाइप करायचे ते खास फाँट वापरून. त्यात संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असायची. त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवलेला असायचा, एवढंच. डोळ्यांना दिसायचं ‘ग्रामसभा’, पण स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, पोटात काय आहे ते वाचतो. त्यामुळे तो भलतंसलतं काहीतरी बरळायचा. मराठी पान समोर असून अंध मराठी माणसाला ते मुकं होतं. हा गुंता युनिकोडने सोडवला. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीला १९९१ मध्ये त्यात जागा मिळाली. घरोघरच्या संगणकांवर ती वापरात यायला आणखी बरीच वर्षं लागली. आज युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी संगणकही वाचतो, मोबाइलही वाचतो.

आता शिकायचं कसं, ते सांगतो. माउस बाजूला ठेवायचा, सगळं काम कळफलकावर. घरातली वीज गेली तरी चुलीपाशी काडेपेटी आपल्या हाताला बरोबर सापडते ना? तसंच हे आहे. कळफलकावर एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो. डोळसांच्या ते लक्षातही येत नाही. दोन्ही तर्जन्या त्या उंचवट्यांवर ठेवल्या की बाकीची बोटं आपोआप आपापल्या जागी बसतात. इनस्क्रिप्ट नावाची मराठी टंकनाची पद्धत आहे. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. डाव्या उंचवट्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि उजव्या उंचवट्यावर र. पहिले काही दिवस नुसती बोटं फिरवायची. कळ दाबली की आवाज अक्षर सांगतो. चुकलं तर लगेच कळतं.

मग बाणाच्या कळा. खाली दाबलं की पुढची ओळ, उजवीकडे दाबलं की पुढचं अक्षर. टॅब दाबलं की पुढचं बटण किंवा रकाना. आवाज नको असेल तेव्हा कंट्रोल दाबलं की तो गप्प. सुरुवातीला आवाज हळू ठेवायचा. सराव झाला की वेग वाढवतात आणि मुरलेले लोक इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही. अवघड काय आहे म्हणाल, तर लक्षात ठेवणं. डोळस माणूस सगळं पान एका नजरेत बघतो. ऐकणाऱ्याला ते ओळीओळीने मिळतं आणि पानाचा नकाशा मनात रचावा लागतो. चार दिवसांत येणारं हे काम नाही. पण ओव्यांवर ओव्या तोंडपाठ असलेल्या बायांच्या स्मरणशक्तीबद्दल शंका कुणी घ्यावी?

मोबाइलमध्ये तर ही सोय आधीपासूनच असते. २००९ पासून आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आलं. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी किंवा सुलभता असं लिहिलेलं असतं, तिथे टॉकबॅक सापडतं. ते सुरू केलं की बोटाने एकदा स्पर्श केल्यावर मोबाइल नाव सांगतो आणि दोनदा टकटक केल्यावर उघडतो. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट. एक काळजी घ्या, सुरू करण्याआधी बंद कसं करायचं ते विचारून ठेवा, कारण त्यानंतर मोबाइल नेहमीसारखा चालत नाही. आणि कानात इअरफोन घाला. खात्यात किती पैसे आहेत, हे मोबाइलने एसटी स्टँडवर ओरडून सांगायला नको!

शिकून काय होतं, याचं एक उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणी, सहाव्या वर्षी गेली. त्या दादरच्या कमला मेहता शाळेत ब्रेल शिकल्या. पुढे कॉलेजात जॉज घेऊन संगणकावर वाचायला लागल्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. रेल्वेच्या लेखा सेवेत निवड झाली, पण दृष्टी नाही म्हणून ती नोकरी नाकारली गेली. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या आणि २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून आयएएस झाल्या. २०१९ मध्ये त्यांनी केरळमध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रं हाती घेतली. १९०० साली निघालेल्या शाळेतली ब्रेल आणि १९९५ सालचा बोलणारा पडदा, दोन्ही त्यांच्या हाताशी आले. पण नाकारल्यावर पुन्हा उभं राहणं त्यांचं स्वतःचं.

कायदाही हळूहळू मागून आला. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना बजावलं, की अंध ग्राहकांना चेकबुक, एटीएम, कर्ज अशा सगळ्या सोयी इतरांसारख्याच द्या. २०१२ मध्ये कॉपीराइटचा कायदा बदलला आणि अंध वाचकांसाठी पुस्तकाची ब्रेल किंवा संगणकी प्रत काढायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागेनाशी झाली. हाच विचार मांडणारा माराकेशचा जागतिक करार २०१३ मध्ये झाला. त्याला रीतसर मान्यता देणारा जगातला पहिला देश आपला भारत होता, २०१४ मध्ये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम १३ तर प्रत्येक गटाने वाचावं असं आहे. दिव्यांग व्यक्तीला मालमत्तेचा, आपले पैशाचे व्यवहार स्वतः सांभाळण्याचा आणि बँकेच्या कर्जाचा इतरांइतकाच हक्क आहे, असं ते सांगतं.

आणि अगदी ताजी गोष्ट. बँकेची केवायसी हल्ली मोबाइलवर होते. कॅमेऱ्याकडे बघून डोळ्यांची उघडझाप करा, असं ॲप सांगतं. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या बायांनी आणि अंध माणसांनी काय करायचं? ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ ला निकाल लागला. डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि केवायसीची पद्धत बदलायला वीस सूचना दिल्या. इटलीतल्या त्या बाईची दोनशे वर्षांपूर्वीची मागणी आणि ही मागणी एकच नाही का?

मग आपण आपल्या गटात काय करायचं? फार नाही, चार गोष्टी. बैठकीची सूचना व्हॉट्सॲपवर फोटो काढून टाकू नका, टाइप करून टाका. मजकूर स्क्रीन रीडर सरळ वाचतो, वहीच्या पानाच्या फोटोपाशी बहुतेक वेळा अडतो. फोटो टाकलाच तर खाली दोन ओळी लिहा, नाही तर बोलून पाठवा. गटातल्या कुणाला दिसत नसेल, तर तिच्या खात्यातली रक्कम आणि कर्जबाकी दर बैठकीत तिला एकटीला नीट सांगा, तिच्या घरच्याला नव्हे. तिच्या मोबाइलवर टॉकबॅक सुरू करून द्या आणि ओटीपी तिचा तिला ऐकायला शिकवा. आणि गावातली एखादी अंध मुलगी घरी बसून असेल, तर तिच्या आईबापांशी बोला. दिव्यांगत्वाचा दाखला काढा, शाळेची चौकशी करा, तालुक्याच्या संगणक केंद्रात जाऊन विचारा, की आमची मुलगी आली तर एनव्हीडीए टाकून देणार का? चार जणी मिळून विचारायला गेल्या, तर नाही म्हणणं जड जातं.

बोलणारा पडदा आला आहे, मराठीही बोलतो आहे. तिच्या दळणाचं पीठ आता तिलाच मोजू द्या.